ऑलिंपिक नॅशनल पार्क: चार दिवस, सासूबाई आणि डोंगर-जंगल-समुद्र

मुठाकाठ | १९ मे २०२५, ११:१०

नमस्कार मंडळी,
लेक सिएटलजवळ बॉथेलला असते. जुलैत मी, नवरा आणि सासूबाई पुण्याहून तिच्याकडे चाललोय. ३१ जुलै ते ३ ऑगस्ट अशी सलग सुट्टी तिला मिळतेय आणि तिने ऑलिंपिक नॅशनल पार्क ठरवूनच टाकलंय. बर्फाचे डोंगर, पावसाचं जंगल आणि पॅसिफिकचा किनारा, सगळं एकाच उद्यानात. तिच्या ऑफिसातले म्हणतात, पहाटे निघा, रात्री परत या, एका दिवसात उरकतं. मला ते पटत नाही, पण नकाशा उघडून बसले तर काही उमगेना.

सासूबाई ७६ वर्षांच्या. रोज तळजाईवर फेरी असते, सपाटीला दोन-तीन किलोमीटर आरामात चालतात, चढ-उतार आणि पायऱ्या मात्र नकोत. त्यांचं माहेर गुहागरचं, त्यामुळे समुद्र म्हटलं की कळी खुलते. नवऱ्याला डोंगर हवाय. मला ते शेवाळाने मढलेलं जंगल बघायचंय, फोटो बघून बघून ध्यास लागलाय.

चार दिवसांत तिन्ही नीट होईल का, की एकच भाग धरून तिथेच मुक्काम करावा? राहायचं कुठे? अनुभव असतील ते सगळे लिहा, मोठे प्रतिसाद आवडतात.

सिंहगडी | १९ मे २०२५, ११:५२

एका दिवसात होतं की. आम्ही पहाटे साडेचारला सिएटल सोडलं, हरिकेन रिजचा डोंगर आणि लेक क्रेसेंट तळं बघून रात्री दहाला घरी. मस्त झालं.

पागोळी | १९ मे २०२५, १३:३०

@सिंहगडी, तुमचा दिवस छानच झाला असणार, पण त्यात जंगल आणि समुद्र दोन्ही राहिले. मुठाकाठ यांना तिन्ही हवंय.

मी बरीच वर्षं सिएटलजवळ बेलव्ह्यूला होते, आता बाणेरला. माझं सगळ्यात लाडकं ठिकाण आहे हे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी नकाशाचं कोडं. हे उद्यान ९,२२,००० एकरांचं, म्हणजे साधारण ३,७०० चौरस किलोमीटर. आपला पुणे जिल्हा घेतला तर त्याचा जवळजवळ पाव हिस्सा. आणि एवढ्या उद्यानातून आरपार जाणारा एकही रस्ता नाही. मधला डोंगराळ भाग तसाच राखलाय, सुमारे ९५ टक्के क्षेत्राला कायद्याने ‘वाइल्डरनेस’चं संरक्षण आहे. १०१ नंबरचा हायवे बाहेरून गोल फिरतो आणि त्याला ठिकठिकाणी फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यावरून आत जायचं, बघायचं, त्याच वाटेने बाहेर यायचं. म्हणून नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन जागांमध्ये दोन-दोन तासांचा प्रवास निघतो. हरिकेन रिजवरून माउंट ऑलिंपसचा बर्फ समोर दिसतो, त्याच्या पलीकडच्या उतारावर होहचं जंगल आहे, पण तिथे पोचायला अर्धा दिवस गाडी चालवावी लागते.

मुक्काम दोन करा. पहिला पोर्ट अँजेलिसला, दुसरा फोर्क्सला. पोर्ट अँजेलिसपासून हरिकेन रिज २७ किलोमीटर. पोर्ट अँजेलिसपासून फोर्क्स साधारण ९०. फोर्क्सपासून होहचं व्हिजिटर सेंटर ५०च्या आसपास आणि रियाल्टो बीच जेमतेम २५. उद्यानाच्या आतली लॉजेस (लेक क्रेसेंट, सोल डक, कलेलॉक) सुरेख आहेत, पण जुलै-ऑगस्टसाठी आत्ता मे महिन्यात जागा मिळणं कठीण. तरी रोज एकदा साइट उघडून बघा, कोणी ना कोणी रद्द करतं.

सिएटलहून बेनब्रिजची फेरी घ्या, गाडीसकट पस्तीस मिनिटांची. सासूबाईंना बोट नक्की आवडेल.

प्रवेश फी गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालते.

अंगतपंगत | १९ मे २०२५, १४:०५

वाचनखूण साठवली. आम्ही सप्टेंबरात जातोय.

उधाण | १९ मे २०२५, १७:२०

मी डोंगर-जंगलाबद्दल बोलत नाही, समुद्राबद्दल सांगतो. माणूस मूळचा दापोलीचा, पोटासाठी चिंचवडला.

त्या किनाऱ्यावर जायचं तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक हातात हवंच. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या सुमारास भरती, चतुर्थीला तीन वाजता, हे आजीपासून पाठ. तो हिशेब तिथे चालणार नाही, प्रत्येक किनाऱ्याचा फरक वेगळा. ‘ला पुश’ या जागेचं सरकारी टाइड टेबल नेटवर मिळतं, ते छापून न्या, कारण त्या बाजूला फोनला रेंज मिळेलच असं नाही. खडकांना वळसा घालून पुढे गेलात आणि मागे भरती चढली तर परतीची वाट बंद होते. तिथे समुद्रातल्या सुळक्यांच्या पायथ्याशी माणसं अडकतात ती अशीच.

दुसरं म्हणजे ओंडके. रियाल्टोला उतरल्या उतरल्या किनाऱ्यावर पांढरे पडलेले अजस्र बुंधे दिसतात, माणसाच्या उंचीपेक्षा जाड. नद्यांनी जंगलातून वाहून आणलेले आणि समुद्राने परत काठावर फेकलेले. त्यावर बसून फोटो काढायचा मोह होतो. किनाऱ्याच्या अगदी वर, कोरड्यात असलेल्यांवर खुशाल बसा. लाट पोचते तिथल्या ओंडक्याजवळ उभंही राहू नका, टनावारी वजनाचा बुंधा एका लाटेत उचलला जातो. तशा पाट्याही आहेत.

आता तुमच्या तारखा. १ ऑगस्टला श्रावणातली अष्टमी आहे, म्हणजे भांगाचे, लहान भरती-ओहोटीचे दिवस. पाणी फार आत जाणार नाही. ओहोटीच्या डबक्यांतले समुद्रतारे, हिरवी-गुलाबी समुद्रफुलं, शिंपले बघायचे असतील तर अमावस्येच्या आसपासचे दिवस धरायला हवेत. २४ जुलैला दिव्यांची अमावस्या आहे. तिथे उन्हाळ्यात उधाणाची मोठी ओहोटी सकाळच्या बाजूला येते. लेकीला आठवडाभर अलीकडची सुट्टी मिळाली तर विचारा. गुहागरच्या माणसाला मी हे सांगायची गरज नाही, त्यांना विचारा, त्या हेच सांगतील.

मुठाकाठ | १९ मे २०२५, १९:४५

@उधाण, प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी कॅलेंडर काढून अमावस्या बघितली आणि म्हणाल्या, “बरोबर सांगतोय हो तो मुलगा.” लेकीला तारखांचं विचारलंय.

@पागोळी, मनापासून धन्यवाद. रस्त्याचं गणित आत्ता कुठे कळलं.

तिखटजाळ | १९ मे २०२५, २१:१५

मुठाकाठ, तुमच्या सहलीला माझ्या शुभेच्छा आहेत आणि हे तुम्हाला उद्देशून नाही. पण असे धागे वाचले की जीव तुटतो. पुण्यातल्या किती घरांनी चांदोली बघितलंय? कोयना अभयारण्य? राधानगरी? पश्चिम घाट २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, त्यात ही तिन्ही जंगलं आहेत, कासचं पठार आहे. चांदोली नॅशनल पार्क आहे, ३१७ चौरस किलोमीटरचं, पुण्यातून पाच-सहा तासांवर. ओळखीच्यांना विचारलं तर निम्म्यांना नावही माहीत नसतं. पोरं अमेरिकेत आहेत म्हणून तिथलं जंगल बघायचं आणि इथलं रस्त्यातून काचेआडून.

शेकरू | १९ मे २०२५, २२:०२

तिखटजाळ, तळमळ पोचली आणि चांदोलीबद्दल शंभर टक्के अनुमोदन. पण मला उलटा अनुभव आला. होहच्या जंगलात फिरून आल्यानंतरच मी आहुप्याच्या देवराईत पुन्हा गेलो आणि तिथे पहिल्यांदा खाली बघितलं.

होहमध्ये पडलेलं झाड कोणी हलवत नाही. सिटका स्प्रूसचा अडीचशे फुटी वृक्ष कोसळला की तो तिथेच शेकडो वर्षं कुजत पडतो. जमिनीवर शेवाळ आणि नेच्यांची एवढी दाटी असते की बी रुजायला जागाच नाही. मग बिया रुजतात त्या या पडलेल्या खोडावर. खोडाच्या पाठीवर बोटभर उंचीची हेमलॉकची रोपं ओळीने उभी दिसतात, त्यांची मुळं दोन्ही बाजूंनी खोडाला मिठी मारून जमिनीकडे उतरत असतात. पुढे काही शतकांनी खालचं खोड पार कुजून जातं आणि वर उरते सरळ रेषेत उभी राहिलेली मोठ्या झाडांची रांग, प्रत्येकाच्या बुंध्याखाली पोकळी. त्या पोकळीत मी हात घालून बघितला. आत भुसभुशीत, लालसर, ओला भुगा होता. जुन्या झाडाचं तेवढंच शिल्लक होतं.

आपल्या देवराईचा मूळ नियम हाच होता ना? काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, पडलेलं लाकूड देवाचं. आता बऱ्याच ठिकाणी देवळाचं जीर्णोद्धाराचं काम निघतं, फरशी येते, आजूबाजूची ‘साफसफाई’ होते. वाळकं लाकूड म्हणजे कचरा, ही समजूत किती महागात पडते ते मला तिथे उमगलं. एक जंगल बघितल्याने दुसरं दिसायला लागतं. दोन्ही बघा.

तिखटजाळ | १९ मे २०२५, २२:२०

हे पटलं. आहुप्याला कधी जाताय? मी येतो.

गवत्या | २० मे २०२५, ०९:१०

पावसाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही?

पुणेकराला हे उद्यान समजावून सांगणं सगळ्यात सोपं, कारण आपण पर्जन्यछायेत राहतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याला सातशेच्या आसपास आणि पुढे शिरूर-दौंडकडे गेलं की आणखी कमी. ऑलिंपिकचं अगदी हेच. पॅसिफिकवरून आलेले ढग डोंगराला थडकतात, पश्चिमेच्या होह खोऱ्यात वर्षाला १२ ते १४ फूट पाऊस टाकतात, म्हणजे साडेतीन-चार हजार मिलिमीटर. डोंगर ओलांडून ईशान्येला स्क्विम गावात आलं की चारशेच्या आसपास. तिथे लव्हेंडरची शेती होते, पाणी देऊन. तुम्ही पोर्ट अँजेलिसला जाताना स्क्विमवरूनच जाल.

गंमत बघा, महाबळेश्वरचा पाऊस होहपेक्षा जास्त आहे. मग आपल्याकडे तसं जंगल का नाही? कारण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि पुढचे आठ महिने कोरडे. तिथे ऑक्टोबर ते मे रिमझिम चालू असते, थंडी फार कडक नाही, उन्हाळा सौम्य आणि समुद्राचं धुकं रोज वर येतं. झाडांना तहान लागायची पाळीच फारशी येत नाही. पावसाळाही उलटा, जुलै-ऑगस्ट हे तिथले सगळ्यात कोरडे महिने. तरी रेनकोट न्याच.

आता एक अभिमानाची गोष्ट. होहमधल्या बिगलीफ मेपल झाडांच्या फांद्यांवर शेवाळाची जाड गादी असते. नलिनी नाडकर्णी या शास्त्रज्ञ दोर बांधून त्या झाडांवर चढल्या. वडील भारतातले, स्वतः अमेरिकेत वाढलेल्या. त्यांनी ती गादी उचकटून बघितली तर मेपलने स्वतःच्याच फांदीतून मुळं काढून त्या शेवाळात सोडलेली. शेवाळ हवेतून, पावसातून, धुक्यातून अन्न गोळा करतं आणि झाड ते वरच्या वर पितं. १९८१ साली हे प्रसिद्ध झालं. तोवर झाडाच्या शेंड्यावर काय चालतं हे फारसं कोणी बघितलंच नव्हतं, सगळे खालून मोजमाप करत होते. होहमधल्या ‘हॉल ऑफ मॉसेस’ या पायवाटेवर मेपलखाली उभ्या राहाल तेव्हा वर बघा आणि हे आठवा.

आणि फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या-हिरव्या जटा दिसतील त्यातल्या काही दगडफुलाच्या भाऊबंद आहेत, आपल्या गोड्या मसाल्यातल्या.

अंगतपंगत | २० मे २०२५, ०९:३५

म्हणजे आमटीचं जंगल! आता जायलाच हवं.

निवांत | २० मे २०२५, १०:२०

खाण्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो, शाकाहारी लोकांचं काय होतं तिकडे?

पागोळी | २० मे २०२५, ११:००

पोर्ट अँजेलिसला मोठी दुकानं आहेत, तिथूनच सगळं भरून घ्यायचं. फोर्क्स लहान गाव, हॉटेलं मोजकी आणि लवकर बंद होतात. होह व्हिजिटर सेंटरला खायला काही मिळत नाही. किचनवाली खोली घ्या, पिठलं-भात होतो. भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी पुण्याहून नेता येते, विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ सांगा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता नेऊ नका.

डबा बाहेर उघडा ठेवू नका. किनाऱ्यावर तंबू टाकणाऱ्यांना अन्न ठेवायला अस्वलाला न उघडणारा कडक डबा सक्तीचा आहे, त्याचं खरं कारण तिथले रॅकून. बॅगेची चेन उघडतात ते. तुम्ही हॉटेलात राहणार, तरी गाडीच्या काचा बंद ठेवा.

आजीची_काठी | २० मे २०२५, १२:४०

मी ऐंशीच्या वडिलांना घेऊन गेले होते. त्यामुळे सासूबाईंच्या बाजूने लिहिते.

हरिकेन रिज ५,२४२ फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडं कमी, आणि गाडी थेट वर जाते. पार्किंगमधून उतरलं की समोर डोंगरांची अख्खी रांग. वडील एका जागी बसून तास-दीड तास बघत होते, त्यांना चालायची गरजच वाटली नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. वरची लॉजची इमारत ७ मे २०२३ला आगीत जळाली. त्यामुळे छप्पर, गरम चहा, नेहमीची स्वच्छतागृहं नाहीत, तात्पुरती सोय आहे. स्वेटर, पाणी, खाऊ सोबत हवा. ठरावीक गाड्या झाल्या की खालीच थांबवतात, म्हणून सकाळी आठच्या आत फाटकाशी पोचा.

होहला ‘हॉल ऑफ मॉसेस’ची वाट सव्वा किलोमीटरची आहे, पण सुरुवातीला चढ आहे. सासूबाईंना स्प्रूस ट्रेलवर न्या, ती जवळजवळ सपाट, दोन किलोमीटरची, होह नदीच्या काठापर्यंत जाते. व्हिजिटर सेंटरच्या मागेच छोटी डांबरी वाटही आहे, व्हीलचेअर जाते. वडिलांनी त्या छोट्या वाटेवर जेवढं बघितलं तेवढं मी अख्ख्या चालीत बघितलं नाही. एका खोडावर पिवळी धमक गोगलगाय होती, शंख नसलेली, वीतभर लांब. ती खोडाची एक बाजू ओलांडेपर्यंत ते उभे होते.

रुबी बीचला उतरायला उताराची वाट आहे आणि शेवटी ओंडके ओलांडावे लागतात. गुडघे दुखत असतील तर वरून बघा. रियाल्टोला पार्किंगच्या पुढ्यातच समुद्र. फक्त वाळू नाही, गोल गुळगुळीत गोटे आहेत, काठी न्या. ‘होल इन द वॉल’ ही भोक पडलेली कातळभिंत बघायची तर जाऊन-येऊन पाच किलोमीटर, ते तुम्ही नवरा-बायको करा, आजी आणि नात इकडे बसतील.

लेक क्रेसेंटला ‘मोमेंट्स इन टाइम’ नावाची छोटी सपाट वाट आहे, तळ्याच्या काठाने. तळं ६२४ फूट खोल, पाणी इतकं नितळ की काठाजवळ तळाचे दगड मोजता येतात. एल्वा खोऱ्यात मॅडिसन फॉल्स तर गाडीपासून दोन मिनिटांवर, पक्की वाट.

मुठाकाठ | २० मे २०२५, १३:१५

आजीची_काठी, अगदी हेच हवं होतं. प्रिंट काढून ठेवतेय.

कालवा | २० मे २०२५, १६:३०

मॅडिसन फॉल्सला जाल तेव्हा दोन मिनिटांत धबधबा बघून निघू नका. शेजारची एल्वा नदी बघा. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालोय, आयुष्य धरणं बांधण्यात आणि राखण्यात गेलं, म्हणून ही जागा माझ्या मनात घर करून आहे.

या नदीवर दोन धरणं होती. खालचं एल्वा धरण १९१३चं, वरचं ग्लाइन्स कॅन्यन १९२७चं, २१० फूट उंच. वीज कागद गिरण्यांना. माशांना वर जायला वाटच ठेवली नव्हती. सामन मासा जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परततो. ते शंभर वर्षं धरणाच्या भिंतीशी येऊन थांबत राहिले. तिथल्या मूळच्या एल्वा क्लॅलम लोकांचं जगणं त्या माशावर, त्यांची पवित्र जागाही जलाशयात बुडालेली. त्यांनी हा प्रश्न पिढ्यान्पिढ्या लावून धरला. २०११च्या सप्टेंबरात धरणं उतरवायला सुरुवात झाली आणि २०१४ मध्ये शेवटचा भाग निघाला. साठलेला गाळ सुटा झाला, नदीने तो मुखाशी नेऊन टाकला आणि तिथे नवा किनारा तयार झाला. मासे वर परतले. २०२३ मध्ये क्लॅलम लोकांनी शतकानंतर पुन्हा त्या मोकळ्या नदीत मासेमारी केली.

यातली खरी गोष्ट अशी की सामन फक्त नदीचा नाही. तो समुद्रातलं सत्त्व अंगात भरून डोंगरात आणतो. अस्वलं, गरुड, कावळे त्याला ओढून झाडीत नेतात, उरलेलं कुजतं आणि झाडांच्या मुळाशी जातं. गवत्यांनी ढग समुद्रातून डोंगरावर कसे जातात ते सांगितलं, हा त्याच वाटेने वर जाणारा दुसरा माल. म्हणून मुठाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: एकच भाग निवडू नका. डोंगर, जंगल आणि किनारा हे तिथे एकाच पाण्याचे तीन टप्पे आहेत. एखादा गाळलात तर बाकीचे दोन अर्धवट कळतात.

सिंहगडी | २० मे २०२५, १७:०५

काका, माहिती जबरदस्त. पण धरणं पाडणं आपल्याला परवडेल का? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर नसती तर पुण्याने प्यायचं काय?

कालवा | २० मे २०२५, १७:५०

खडकवासला पाडा असं मी कधीच म्हणणार नाही. एल्वाची धरणं विजेसाठी होती आणि ती वीज दुसरीकडून मिळत होती, आपल्या चार धरणांवर शहर जगतंय. पण धरण एकदा बांधलं की ते कायमचं, हा हिशेब मी नोकरीभर गृहीत धरला होता. धरणाचंही वय असतं, गाळ असतो, उपयोग संपण्याची तारीख असते, आणि ती आली की काय करायचं याचा विचार बांधतानाच व्हायला हवा. त्या नदीच्या काठी उभं राहून हे डोळ्यांनी दिसतं. आणि धरण असलं तरी खाली नदीत पाणी वाहतं ठेवता येतं. मुठेसाठी तेवढं तरी मागूया.

शेकरू | २० मे २०२५, १८:१०

+१

रानभूल | २० मे २०२५, २०:३०

जुना संदर्भ देतो. हे उद्यान जन्माला आलं तेच एका प्राण्यामुळे. तिथल्या मोठ्या सांबरासारख्या एल्कची शिकार होऊन कळप संपत आले होते. १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी माउंट ऑलिंपसचा परिसर राखीव केला, त्या एल्कलाही त्यांचंच नाव आहे. पुढे २९ जून १९३८ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नॅशनल पार्क केलं. १९८१ मध्ये जागतिक वारसा. होहच्या नदीकाठी संध्याकाळी एल्क चरताना दिसतात. किमान ५० यार्ड लांब राहायचा नियम आहे, तो पाळा.

उलट गोष्ट डोंगरी बकऱ्यांची. १९२०च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी बाहेरून आणून सोडल्या, त्यांनी उंचावरची दुर्मीळ झुडपं तुडवली. २०१८ ते २०२० मध्ये तीनशेवर बकऱ्या हेलिकॉप्टरने उचलून कॅस्केड पर्वतात नेल्या, जिथल्या त्या मूळच्या. हरिकेन रिजवर शिट्टी ऐकू आली तर गवतात बघा. ऑलिंपिक मार्मोट असेल, खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी, जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही.

उधाण | २० मे २०२५, २१:१०

एक राहिलं. किनाऱ्यावर त्सुनामीच्या वाटेच्या निळ्या पाट्या दिसतील. सासूबाई घाबरल्या तर सांगा, ही नुसती माहिती आहे, पण खरी आहे. २६ जानेवारी १७०० रोजी तिथे समुद्राखाली प्रचंड भूकंप झाला, त्याची लाट जपानला पोचली आणि जपान्यांनी ती लिहून ठेवली, म्हणून तारीख कळली. ला पुशच्या क्विल्यूट लोकांनी आपली शाळा किनाऱ्यावरून वर उंचावर हलवलीय. गावात जाल तर ती त्यांची वस्ती आहे, त्यांचे नियम पाळा, विचारल्याशिवाय माणसांचे फोटो काढू नका.

मुठाकाठ | २१ मे २०२५, १०:३०

लेकीने सुट्टी बदलून घेतली! २४ ते २७ जुलै, गुरुवार ते रविवार. अमावस्या सापडली. सासूबाई खूश आहेत, शुक्रवारपासून श्रावण लागतो तर पहिला श्रावणी शनिवार जंगलात होणार म्हणतात.

तुमच्या सगळ्यांच्या जिवावर असा बेत केलाय, तपासून द्या.

गुरुवार: फेरीने निघून स्क्विममार्गे पोर्ट अँजेलिस. संध्याकाळी एल्वा, कालवाकाकांची नदी निवांत बघायची.
शुक्रवार: सकाळी सातला हरिकेन रिजकडे. दुपारी लेक क्रेसेंट. रात्री फोर्क्स.
शनिवार: सकाळी रियाल्टो, ओहोटीला. आणि सकाळीच होह. इथे अडलंय, दोन्हीकडे सकाळीच जावंसं वाटतंय.
रविवार: रुबी बीच, मग परत.

पागोळी | २१ मे २०२५, ११:१५

शनिवारी सकाळ समुद्राला द्या, ओहोटी आपल्यासाठी थांबत नाही. होहला संध्याकाळी जा. जुलैत तिथे नऊपर्यंत उजेड असतो. दिवसा पार्किंग भरलं की फाटकावर एक गाडी बाहेर आली की एक आत, असं चालतं, दोन-दोन तास रांग लागते. साडेचार-पाचनंतर गर्दी ओसरते. शिवाय तिरपं ऊन शेवाळातून येतं, तुमच्या फोटोंसाठी तीच वेळ. रात्रीचं जेवण मात्र बरोबर न्या, परत येईपर्यंत फोर्क्समधली स्वयंपाकघरं बंद झालेली असतील.

निघायच्या आदल्या दिवशी होहच्या रस्त्याची चौकशी करा. डिसेंबरात नदीने तो रस्ता खाल्ला होता, दुरुस्ती होऊन ८ मेला परत उघडलाय.

रविवारी रुबी बीच झालं की आल्या वाटेने मागे फिरू नका. तसंच दक्षिणेला १०१ने ऑलिंपियावरून सिएटलला या. रविवारी संध्याकाळी फेरीला गाड्यांची मोठी रांग असते, ती टळते आणि द्वीपकल्पाचा गोलही पुरा होतो. वाटेत कलेलॉकला दहा मिनिटं थांबा. तिथे कड्याच्या घळीवर एक स्प्रूस आहे, खालची माती वाहून गेलीय आणि झाड दोन्ही काठांना मुळं रोवून अधांतरी तगून आहे.

आजीची_काठी | २१ मे २०२५, ११:४०

बेत छान आहे. फक्त शुक्रवारी दुपारी सासूबाईंना लेक क्रेसेंटला तासभर नुसतं बसू द्या. दोन लागोपाठचे पहाटेचे दिवस आहेत.

मुठाकाठ | २१ मे २०२५, १२:२०

ठरलं. पोर्ट अँजेलिसला दोन खोल्यांचं बुकिंग झालं, फोर्क्सला किचनवाली जागा बघतेय. टाइड टेबल लेकीने छापून घेतलंय.

@अंगतपंगत, तुमच्या सप्टेंबरच्या तारखा इथे टाका, उधाण यांच्याकडून तिथी बघून घेऊ.